आखाजी ते मृग : छाटणीची करवत कशी निवडावी, कशी सांभाळावी

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात छाटणीचे दिवस लागतात. बोरीची पानं गळून झाड मोकळं झालेलं असतं, मोसंबी-लिंबातली वाळलेली सल (मेलेल्या काड्या-फांद्या) नजरेत भरते, आणि बांधावरच्या निंब-बाभळीच्या धोकादायक फांद्या मृगाच्या वादळी पावसाआधी उतरवायच्या असतात. यातलं बरंचसं काम आजही कोयत्यावर आणि कुऱ्हाडीवर होतं. फांदी खाली येते खरी, पण जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. ठेचलेली, फाटलेली जखम लवकर भरत नाही. त्यात पावसाचं पाणी मुरतं, बुरशी शिरते आणि मोसंबीत डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) वाढायला जागा होते. म्हणून कोयता चाऱ्याला ठेवा. अंगठ्यापेक्षा बारीक फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री) आणि त्याहून जाड लाकडाला करवत, एवढी वाटणी या हंगामात पक्की करा.

सुताराची करवत छाटणीला चालत नाही. ती पुढे ढकलताना कापते, त्यामुळे तिचं पातं जाड ठेवावं लागतं. छाटणीची करवत ओढताना कापते. ओढताना पातं आपोआप ताणलं जातं, म्हणून ते पातळ असूनही वाकत नाही आणि ओल्या लाकडात कमी अडकतं. झाडावर चढलेल्या माणसासाठी तर हा फरक जिवाचा आहे. ढकलताना त्याचं अंग फांदीपासून मागे रेटलं जातं, ओढताना ते फांदीकडे येतं. दुकानात करवत हातात आली की आधी दातांची दिशा बघा. ते मुठीकडे झुकलेले असतील तरच ती ओढायची.

लांबी ठरवायला सोपा नियम आहे : फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट पातं. मोसंबी, लिंबू, डाळिंब, सीताफळ यांना सात ते नऊ इंची घडीची करवत पुरते. खिशात मावते आणि दाट फांद्यांत फिरवता येते. जुनी बोर, आंबा, निंब यांच्या चार इंचांवरच्या फांद्यांना बारा-तेरा इंची, किंचित बाकदार पात्याची आणि म्यान असलेली करवत घ्या. बाकामुळे दात लाकडात आपोआप रुततात आणि हात डोक्याच्या वर असला तरी जोर कमी लागतो. ओल्या, मऊ लाकडाला मोठे दात हवेत, म्हणजे इंचात पाच-सहा. भुसा त्यांच्या फटींतून बाहेर पडतो. वाळलेली सल आणि बाभळीसारखं कठीण लाकूड यांना आठ-दहा दातांची करवत स्वच्छ कापते, मोठ्या दातांची उड्या मारते. एकच घेणं परवडणार असेल तर बागाइतदाराने बारीक दातांची घ्यावी, कारण मे महिन्यात त्याचं जास्त काम सल काढण्याचं असतं.

घडीची करवत उघडून पातं आडवं हलवून बघा. बिजागरीत खेळ असेल तर ती परत ठेवा. खटका उघड्या अवस्थेत पक्का बसला पाहिजे, नाहीतर एक दिवस पातं बोटांवर मिटेल. आणखी एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून विचारा : याचं सुटं पातं मिळतं का? हल्लीच्या बहुतेक करवतींच्या दातांची टोकं विजेच्या झटक्याने तापवून कडक केलेली असतात. टोकं निळसर-काळी दिसली तर ओळखावं. ती खूप दिवस धार धरतात, पण त्यांच्यावर साधी कानस चालत नाही, नुसती घसरते. धार गेली की पातंच बदलायचं. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बाजारात सुटं पातं मिळत नसेल, तर ती करवत कितीही चांगली असली तरी दोन-तीन हंगामांनी भंगारात जाते. जुन्या पद्धतीच्या, कडक न केलेल्या दातांना तिधारी कानशीने धार लागते. एक दात सोडून एक घासा, प्रत्येकाला सारखेच हात द्या, मग करवत उलटी धरून राहिलेले दात घ्या. भुसा तंतूंसारखा न पडता पिठासारखा पडू लागला की धार गेली समजा. काप एका बाजूला ओढू लागला तर त्या करवतीच्या एका अंगाचे दात बोथट झाले आहेत.

कापायची रीत चुकली तर चांगली करवतही साल वाचवत नाही. जड फांदी तीन कापांत उतरवा. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. दुसरा त्याच्या दोन बोटं पुढे, वरून. फांदी पडते आणि साल पहिल्या कापाशीच थांबते. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढा, पण खोडाशी सपाट नाही. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं दिसतं, ते तसंच ठेवून त्याच्या बाहेरून कापा. जखम भरून काढणारा भाग तोच. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं, की कडं कापलं तर कुज खोडात शिरते. खुंटी लांब ठेवली तर तीही वाळून कुजते.

मोसंबी-लिंबाची सल काढताना आधी नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. काप दोन सेंटीमीटर हिरव्या भागात घ्या. या उन्हात हिरव्या फांद्या विरळ करू नका. आतल्या फांद्या अचानक उघड्या पडल्या की साल भाजते. बोरीचं वेगळं आहे. तिचं फळ नव्या फुटीवर येतं आणि ती आत्ता विश्रांतीत असते, म्हणून तिची जोरदार छाटणी याच दिवसांत करतात.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं निर्जंतुक करा. साक्रीकडच्या डाळिंब बागांत तेल्या (तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) पसरतो तो अशा अवजारांतूनही. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात पातं बुडवलं की काम होतं, पण तेच द्रावण लोखंड खातं. संध्याकाळी पातं साध्या पाण्याने धुऊन कोरडं करणं टाळू नका. जखमांना लावायची बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) प्लास्टिकच्याच बादलीत करा. चुना पुरेसा पडला का, हे लोखंडी खिळा बुडवून बघतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. करवतीवरही मोरचुदातलं तांबं असंच चढतं, म्हणून पेस्टचा ब्रश आणि करवत एका पाटीत ठेवू नका.

साफसफाई चिकाप्रमाणे करा. निंब-बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्याला कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. आंब्याचा चीक पाण्याने निघत नाही, त्याला टर्पेंटाइन लागतं. पुसून झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्या. जवसाचं तेल नको, ते सुकून चिकट होतं. आणि करवत युरिया-पोटॅशच्या गोण्यांच्या खोलीत टांगू नका. खताच्या क्षाराने पावसाळ्यात एका महिन्यात गंज धरतो.

आता चढण्याबद्दल. जमिनीवरून बांबूला करवत बांधून होत असेल तर चढूच नका. चढायचंच असेल तर लाकूड ओळखून चढा. चिंच चिवट असते. जांभूळ आणि शेवगा मात्र कडकन मोडतात, हिरवी फांदीही इशारा देत नाही. धडगावकडे आमचुरासाठी कैऱ्या उतरवणारी माणसं आंब्यावर सराईतपणे चढतात, पण करवतीचा हात गुंतला की तोल वेगळा होतो. कमरेचा पट्टा आणि दोर हवाच, कापताना दोन ठिकाणी अडकवलेला हवा. ताणलेला दोर करवतीचा नुसता स्पर्श झाला तरी तुटतो, म्हणून दोर कापाच्या विरुद्ध बाजूला ठेवा. करवत म्यानात घालूनच चढा-उतरा, तोंडात किंवा खांद्यावर नको. चढण्याआधी आग्यामोहोळ आहे का बघा, खाली एक माणूस ठेवा आणि त्याला फांदीच्या पडण्याच्या जागेपासून लांब उभं करा. वीजतारेजवळची फांदी महावितरणने पुरवठा बंद केल्याशिवाय हातात घेऊ नका.

आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष बदलतं. नव्या सालदाराच्या हाती करवत देताना हे सगळं त्याला झाडापाशी उभं राहून, एक फांदी कापून दाखवा. काम सकाळी सहा ते दहा एवढंच ठेवा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घामेजली मूठ सुटते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मृगाचा पहिला पाऊस पडला की साल निसरडी होते, तेव्हा चढणं थांबवा. राहिलेल्या फांद्या खालून बांबूच्या करवतीने होतील तेवढ्या घ्या, बाकीच्या दिवाळीनंतर.