मोठी ऑर्डर घेताना या चुका टाळा

मोठ्या पार्टीची पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आली की लहान कारखानदाराची नजर आधी रकमेवर जाते. खरं तर आधी पेमेंटची अट वाचायला हवी.

समजा, २० लाखांचं फॅब्रिकेशनचं काम आहे आणि क्रेडिट ९० दिवसांचं. माल १२ लाखांचा, मजुरी-वीज ४ लाख. म्हणजे ४ लाख सुटतात. पण पत्रेवाला उधार देत नाही. त्याला १८ टक्के जीएसटीसह १४.१६ लाख रोख मोजायचे. तुमच्या बिलावरचा जीएसटी ३.६० लाख, मालावरचे २.१६ लाख वजा जाऊन १.४४ लाख पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे (रिटर्न दरमहा असेल तर). पार्टीने पैसे दिले की नाही, हे कोणी विचारत नाही. सगळं मिळून १९.६० लाख तुमचे अडकले. सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज साठेक हजार. तेवढं सोसतं हो! पण सीसीची मर्यादाच १५ लाख असेल तर पगाराच्या दिवशी काय करणार?

दुसरी चूक जास्त मालक करतात, पण कबूल कोणी करत नाही. सुपरवायझरला बोलावून आधी स्वतःच सांगायचं, "ऑर्डर घेतोय, जमेल ना?" तो "होईल साहेब" म्हणणारच. त्याऐवजी ड्रॉइंग समोर ठेवा, "काम कुठे अडेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग बेंडिंग मशीन आधीच भरलंय, वेल्डर गावी जाणार आहे, हे बाहेर येतं. वसुलीचे फोन करणाऱ्या अकाउंटंटलाही विचारा. कोणती पार्टी किती रखडवते, ते त्याला तोंडपाठ असतं.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑर्डरआधीच करून ठेवा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशिरावर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पुढची ऑर्डर जाईल म्हणून तक्रार करायला लोक कचरतात, हेही खरं. पण पीओ स्वीकारण्यापूर्वी या मुद्द्यावर बोलता येतं, आणि मालापुरता ॲडव्हान्सही तेव्हाच मागता येतो.

आणि जुनं बिल थकलेलं असताना "नवं काम दिलं की मागचंही सुटेल" या भरवशावर माल उचलू नका. आधी मागचं पेमेंट खात्यात जमा होऊ द्या, मगच कटिंगला हात लावा.