नदीवर गेजच नाही, मग पुराचा आकडा काढायचा कसा?

कॉलेजात शिकवतात ते सोपं असतं. चाळीस वर्षांचे दरवर्षीचे सगळ्यात मोठे विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) हातात असतात, गंबेलचं संख्याशास्त्रीय सूत्र लावा, शंभर वर्षांचा पूर (कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला) काढा, मार्क घ्या. आणि नोकरीत पहिलंच काम हातात येतं ते अशा नदीचं की जिच्यावर आजपर्यंत कोणी पाणी मोजायचं गेज तर सोडाच, साधी मोजपट्टीसुद्धा रोवलेली नाही. माझं तेच झालं होतं. एका छोट्या नदीवर पूल होणार होता, सिनियर म्हणाले शंभर वर्षांचा विसर्ग काढ, मी विचारलं डेटा कुठे आहे, ते म्हणाले तोच तर प्रॉब्लेम आहे.

पहिल्या आठवड्यात मी काय केलं ते आधी सांगतो म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. सॅटेलाइटवरून बनवलेला उंचीचा नकाशा, म्हणजे डीईएम, डाउनलोड केला, पुलाच्या जागेवर पॉइंट टाकला, सॉफ्टवेअरला पाणलोट क्षेत्र (कॅचमेंट, म्हणजे जिथलं पाणी त्या जागी येतं तो भाग) काढायला सांगितलं आणि उत्तर आलं 0.02 चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या नदीचा कॅचमेंट दोन हेक्टर! आणि मी तो आकडा तसाच पुढच्या सूत्रात घातला. झालं असं होतं की माझा पॉइंट नदीच्या सेलवर (नकाशातल्या चौकोनावर) न पडता शेजारच्या काठाच्या सेलवर पडला होता, त्यामुळे नदीऐवजी त्या काठाच्या उतारावरून येणारे तीस मीटरचे बावीसेक सेल तेवढे मोजले गेले. पॉइंट नदीवर सरकवून घ्यायचा असतो आणि आलेली हद्द जुन्या कंटूर नकाशावर टाकून डोळ्यांनी बघायची असते, ही पाच मिनिटांची गोष्ट आहे पण नव्वद टक्के नवी मुलं ती करत नाहीत (टक्केवारी माझ्या मनाची आहे, पण फार चुकीची नसावी).

डीईएमबद्दल अजून एक. एसआरटीएम नावाच्या डीईएमचा डेटा फेब्रुवारी 2000 मध्ये अकरा दिवसांत रडारने घेतलेला आहे, आणि त्या रडारला झाडीखालची जमीन नीट दिसत नाही, त्यामुळे नदीकाठी दाट झाडी असली की तिथे जणू बांध घातलाय असं मॉडेलला वाटतं आणि पाणी भलतीकडेच पसरतं. सपाट पूरमैदानात दोन मीटरची चूक म्हणजे अख्खी वस्ती पूररेषेच्या आत किंवा बाहेर. म्हणून निदान नदीपात्राचे चार-पाच क्रॉस सेक्शन (आडवे छेद) तरी जागेवर जाऊन घ्याच.

आता आकडा कसा काढायचा. एकच पद्धत पकडून बसू नका, हे पहिलं. मी साधारण तीन वाटांनी जातो आणि तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडतो.

पहिली वाट शेजारच्या नदीची. तिच्यावर गेज असेल तर तिचा पूर आपल्या नदीवर उतरवता येतो, पण क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात नाही. समजा शेजारचा कॅचमेंट 400 चौरस किमी आणि शंभर वर्षांचा पूर 800 क्युमेक (सेकंदाला घनमीटर), आपला कॅचमेंट 150. सरळ त्रैराशिक केलं तर 300 येतात, पण क्षेत्रफळाच्या गुणोत्तराला 0.75 चा घातांक दिला तर 380 च्या आसपास. लहान कॅचमेंटला दर चौरस किमीला पूर जास्त येतो, कारण जोराचा पाऊस एकाच वेळी सगळ्या कॅचमेंटवर पडू शकतो, मोठ्या कॅचमेंटवर तसं क्वचितच होतं. क्षेत्रफळावरून पूर काढणाऱ्या डिकन्सच्या जुन्या सूत्रात हाच तीन चतुर्थांश घातांक आहे. मात्र त्यातला गुणांक ज्या भागातल्या नद्यांवरून काढला त्याच भागात चालतो, दुसरीकडचा उचलून लावला की संपलं. एकाऐवजी आसपासची दहा-बारा गेजं मिळाली तर प्रादेशिक वारंवारता विश्लेषण (सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून पुराचा हिशोब) करा, इंडेक्स फ्लड नावाने ते 1960 पासून वापरात आहे, आणि फक्त जवळच्या नद्या घेऊ नका, सारख्या स्वभावाच्या घ्या. डोंगर उतरून येणारी नदी आणि तिच्या शेजारचीच सपाटीवरची नदी यांचं एकमेकींशी काही देणंघेणं नसतं.

दुसरी वाट पावसाची. पावसाच्या नोंदी नदीच्या नोंदींपेक्षा कधीही जास्त मिळतात. तीव्रता, कालावधी आणि वारंवारतेचे वक्र घ्या, त्यातून डिझाइन पाऊस काढा, कर्व्ह नंबरने (जमीन किती पाणी शोषते याचा आकडा) किती वाहून येईल ते काढा आणि युनिट हायड्रोग्राफमधून (ठरावीक पावसाने विसर्ग वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख) सोडा. अगदी लहान कॅचमेंट असेल तर रॅशनल मेथड (गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार) पुरते. जागेवर पर्जन्यमापक नसेल तर ईआरए5 हा नोंदी आणि मॉडेल मिळून बनवलेला जगभराच्या हवामानाचा डेटा आहे, 1940 पासूनचा, पण त्याची जाळी साधारण 31 किमीची, त्यामुळे एका खोऱ्यावर फुटलेला ढग त्यात पसरून मवाळ होतो. माझ्या मते अशा डेटावरून ट्रेंड बघावा, लहान नदीचा डिझाइन पाऊस काढू नये.

तिसरी वाट म्हणजे प्रत्यक्ष खुणा, आणि खरं सांगायचं तर मला याच वाटेने सगळ्यात जास्त शिकवलं. भिंतीवरची गाळाची रेघ, झाडाच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, पुलाच्या खांबावर कोणी रंगवलेली पातळी. दोन-तीन खुणा मिळाल्या की त्यांच्यातला उतार मिळतो, क्रॉस सेक्शन तुमच्याकडे आहेच, मग मॅनिंगचं सूत्र, ते उतार, पात्राचा आकार आणि खडबडीतपणा यांवरून वेग देतं. समजा पात्र 40 मीटर रुंद, सरासरी खोली 3 मीटर, उतार 0.002, आणि n (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) धरला 0.035, तर वेग येतो सुमारे 2.4 मीटर प्रति सेकंद आणि विसर्ग 290 क्युमेक. आता काठावर झुडपं आहेत म्हणून n 0.05 धरा, विसर्ग थेट 203 वर. पुराची खूण तीच, पात्र तेच, फक्त तुमच्या अंदाजाचा एक आकडा बदलला. म्हणून n ऑफिसात बसून टेबलातून उचलायचा नाही, पात्रात उतरून बघून ठरवायचा आणि उत्तर रेंजमध्ये द्यायचं. आणि पुलाच्या अगदी वरच्या बाजूची खूण घेऊ नका, तिथे ओंडके अडकून पाणी तुंबलेलं असतं, ती पातळी पुराची नसते, तुंबलेल्या पाण्याची असते.

लोकांना विचारण्याचंही एक तंत्र असतं. साल विचारू नका, साल कोणालाच आठवत नाही, तेव्हा मोठा मुलगा शाळेत जात होता का, हा नवा रस्ता झाला होता का, असं विचारा. एका आजोबांनी मला सांगितलं पाणी खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आलं होतं, मी लेव्हल घेतली, खूश होऊन निघालो, आणि जाता जाता आजी म्हणाल्या, अहो ते जुनं घर होतं, हे आपण नंतर जोतं उंच करून बांधलं. दोन-अडीच फुटांचा फरक! तेव्हापासून मी पहिला प्रश्न विचारतो, ही भिंत तेव्हा होती का.

जुन्या खुणांना किरकोळ समजू नका. जर्मनीतल्या आर नदीवर आल्टेनार इथे गेज होतं, पण त्याच्या नोंदी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. त्यावरून शंभर वर्षांचा पूर सुमारे 240 क्युमेक काढलेला होता. जुलै 2021 ला जो पूर आला तो याच्या कितीतरी पट मोठा होता, शंभरहून जास्त माणसं गेली, गेजसुद्धा वाहून गेलं. आणि त्याच खोऱ्यात 1804 आणि 1910 ला प्रचंड पूर येऊन गेल्याचं कागदोपत्री होतं, फक्त ते गेजच्या आकड्यांत नव्हते. म्हणजे सत्तर वर्षांचा चांगला डेटा असूनही फसगत होते, तुमच्याकडे तर काहीच नाही.

सॅटेलाइटवर मात्र एवढी भिस्त ठेवू नका. सेंटिनेल-1 या युरोपच्या उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं आणि 2014 पासूनचे फोटो फुकट आहेत हे खरं, पण ते एकाच जागेवरून परत जायला सहा ते बारा दिवस लागतात आणि लहान नदीचा पूर काही तासांत येऊन ओसरतो. मोठ्या संथ नदीला उत्तम, आपल्या कामाला नशिबाचा भाग.

आता त्या पुलाचं काय झालं ते. तिन्ही वाटांचे आकडे जुळेनात, त्यातलं एक प्रादेशिक सूत्र तर फारच जास्त दाखवत होतं, त्याप्रमाणे वीस वर्षांचा पूरच नदीकाठच्या शाळेच्या पायरीला लागायला हवा होता. मी खुणा शोधत फिरलो, पायरीवर काहीच सापडलं नाही, म्हणून वहीत लिहिलं, माहिती नाही. सिनियरनी ते खोडलं. म्हणाले, शाळा किती जुनी? साठ वर्षं. या साठ वर्षांत पायरीला पाणी लागल्याचं कोणाला आठवतं का? नाही. मग ही माहितीच आहे ना! वीस वर्षांचा पूर साठ वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे एका वर्षी न येण्याच्या 0.95 या शक्यतेचा साठावा घात, 0.046, पाच टक्क्यांपेक्षाही कमी. एवढ्या काळात पात्र फारसं खोल झालेलं नाही आणि वर धरण झालेलं नाही हे तपासून घेतलं, मग ते सूत्र बाजूला ठेवलं आणि उरलेल्या दोन वाटांची रेंज, वरच्या टोकाकडे झुकवून, रिपोर्टमध्ये दिली. डिझाइनवाले अर्थातच म्हणाले रेंज नको, एकच आकडा द्या. दिला, पण रेंजही त्याच ओळीत छापली.

आता साइटवर जाताना वहीत दोन रकाने आखून नेतो, एक पाणी कुठपर्यंत आलं त्याचा आणि दुसरा कुठपर्यंत कधीच आलं नाही त्याचा. दुसऱ्या रकान्यात जागेसोबत ते किती वर्षांपासून कोणाला माहीत आहे हेही लिहावं लागतं, नाहीतर घात कितीचा घ्यायचा तेच कळत नाही.