‘क्रिटिकली एक्झामिन’ आलं की घाबरू नका (लॉ, एमबीए, बीए सगळ्यांसाठी)

लॉला नवीन आलेल्यांसाठी मुख्यतः लिहितेय. ज्युरिसप्रुडन्सच्या (कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या) पेपरात ‘क्रिटिकली एक्झामिन’ असं विचारलं की थिअरी लिहून झाल्यावर तिच्यावर टीका लिहायची असतेच, आणि बहुतेक जण गाइडमधले पाच मुद्दे पाठ करून ओततात. मी मालवणात राहून अभ्यास केला, मला उपयोगी पडलं ते एवढंच, थिअरीचा दावा आधी एका वाक्यात लिहायचा आणि मग आपल्या आजूबाजूचं काय त्यात बसत नाही ते शोधायचं.

इंग्रज कायदेपंडित जॉन ऑस्टिन घ्या, त्याची थिअरी १८३२ ची. कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेचा हुकूम, मोडलात तर शिक्षा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, हा सरकारी आदेश, ऑस्टिनमध्ये बरोबर बसतो. पण नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी दर्यात घालायची नाही, रापणीच्या (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या) माशांचे वाटे कसे करायचे, हे कुठल्या सरकारने सांगितलं? इथे लगेच "म्हणून ऑस्टिन चुकला" असं लिहू नका, कारण त्याच्याकडे उत्तर आहे, कोर्टाने मानेपर्यंत रूढी म्हणजे नुसती नीती आणि कोर्टाने उचलली की ती सार्वभौमाची मूक आज्ञा. हे लिहा, मग आपल्या घटनेचं कलम १३(३) काढा, तिथे कायद्याचं बळ असलेली रूढी थेट ‘कायद्या’च्या व्याख्येतच आहे.

ऑस्टिनवरचा मला सगळ्यात भारी वाटणारा आक्षेप इंग्रज कायदेपंडित एच. एल. ए. हार्टचा, १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या पुस्तकातला. आजोबांनी हापूसची बाग मृत्युपत्राने नातीला दिली पण साक्षीदार एकच घेतला तर मृत्युपत्र बाद, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा दोन मागतो. पण शिक्षा कुणाला? कुणालाच नाही. मग हा हुकूम कसला, हा तर अधिकार देणारा नियम! बाद होणं हीच शिक्षा असं काहीजण म्हणतात, त्यालाही हार्टने उत्तर दिलंय.

एमबीएवाल्यांनो, मानसशास्त्रज्ञ मास्लोचा १९४३ चा गरजांचा क्रम म्हणतो, आधी पोटाची गरज भागते, मग वरच्या गरजा येतात; त्यावर आक्षेप घ्यायला पोटाला चिमटा काढून चतुर्थीला गावी येणारा चाकरमानी पुरेसा आहे. फक्त क्रम तितका कडक नाही हे मास्लोने स्वतःच लिहिलंय आणि पुस्तकांत दिसणारा तो गरजांचा पिरॅमिडही त्याने काढलेला नाही, तेव्हा टीका मूळ लेखावर की नंतरच्या चित्रावर ते स्पष्ट करा. साहित्यवाल्यांना कोकणातलं दशावतारी नाटक आहेच, संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्याउभ्या बोलतो, मग लेखकाचा हेतू शोधणारी समीक्षा तिथे कुणाचा हेतू शोधणार?

पेपरात दोनच आक्षेप घ्या, पण प्रत्येकाचं प्रत्युत्तर लिहा. आणि हार्टच्या त्या पुस्तकाची पहिली चार प्रकरणं मुळातून वाचा, सावकाश वाचलं तर नक्की कळतं.