इंडसवर सॅक्सला जाताय? आधी ब्लँक भरा

सॅक्स म्हणजे लहान कोनात विखुरलेले एक्स-रे मोजून नॅनोकणांचा आकार काढणं. त्यासाठी इंदूरच्या इंडस-२ वर, म्हणजे प्रखर एक्स-रे देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर, बीमटाईम (मोजमापासाठी ठरवून दिलेली वेळ) मिळाला म्हणजे राजेंद्रनगर ओलांडून कॅटच्या (आताचं आरआरकॅट, इंडस-२ जिथे आहे ती संस्था) गेटपर्यंत पोचलं की झालं, असं नसतं. ओळखपत्र, परवानगीचा मेल, वही, हार्डडिस्क घ्यालच, त्यावर लिहीत नाही.

सगळ्यात आधी ब्लँक, म्हणजे सॅम्पलमधलं कण सोडून बाकी सगळं; त्याचा सिग्नल नंतर सॅम्पलमधून वजा करायचा असतो. सॅम्पलच्याही आधी. मागच्या खेपेला आमचं हेच राहिलं आणि आलेल्या डेटातून काय वजा करायचं तेच कळेना. आणि ब्लँक म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर नाही हो! सोन्याचे नॅनोरॉड सीटॅबमध्ये (साबणासारखं रसायन) असतील तर सीटॅबचे मायसेल, म्हणजे रेणूंचे बारीक पुंजके, स्वतःच एक्स-रे विखुरतात, म्हणजे नुसतं पाणी वजा केलंत तर त्यांचा आलेखातला उंचवटा तसाच राहणार आणि तुम्ही त्याला बारीक कण समजून बसणार. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढा, त्याच बॅचचं, तेच ब्लँक. शक्यतो त्याच कॅपिलरीत (द्रावण भरायची बारीक काचेची नळी) आधी ब्लँक मोजा, मग सॅम्पल, कारण भिंतीची जाडी प्रत्येक कॅपिलरीची वेगळी. एक्सपोजर दोन्हींना सारखंच. ट्रान्समिशन, म्हणजे किती बीम आरपार गेला ते, दोन्हींचं लिहून ठेवा, नाहीतर वजाबाकीला अर्थ नाही.

सीटॅबचं अजून एक, एसी हॉलमध्ये तापमान पंचविसाच्या खाली गेलं की ते बाटलीत पांढऱ्या सुयांसारखं बसतं. कोमट करा, हलवा, सुया पूर्ण गेल्या की मगच भरा, ब्लँकची बाटलीसुद्धा.

कॅपिलरी जास्तीच्या न्या, भिंत 0.01 मिमीची असते, बोटात फुटते. लांब सुईने तळापासून भरा, बुडबुडा नको. कॅप्टॉन टेप (पिवळसर प्लास्टिकची) वापरणार असाल तर तिचाही स्वतःचा सिग्नल येतो, म्हणजे तिचंही ब्लँक.

एकच कॉन्सन्ट्रेशन नेऊ नका, पातळ करत दोन-तीन न्या, दाट द्रावणात कण एकमेकांचा परिणाम दाखवतात आणि गिनिए फिट (आलेखाच्या सुरुवातीच्या भागावरून कणांचा आकार काढायची रीत) फसतो. कण 50 नॅनोमीटरचे असतील तर q (विखुरण्याच्या कोनाचं माप, आलेखाचा आडवा अक्ष) किमान 0.06 प्रति नॅनोमीटरपर्यंत खाली जायला हवा, डिटेक्टरचं अंतर कळवताना हा हिशोब आधीच करून ठेवा.

द्रावणाऐवजी वेफरवर चढवलेली पातळ फिल्म मोजणाऱ्यांसाठी: बीम पृष्ठभागाला 0.2 अंशाच्या कोनात लागत असेल आणि 0.1 मिमी उंच असेल तर त्याचा ठसा जवळजवळ 29 मिमी लांब पडतो, म्हणजे एक सेंटीमीटरच्या तुकड्यावरून दोन तृतीयांश बीम बाहेरच. लांब तुकडा कापा. आणि त्याच वेफरचा कोरा तुकडा, फिल्म न चढवलेला, सोबत पाहिजेच. हेही ब्लँकच! डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

बाकी सिल्व्हर बेहेनेट (q कॅलिब्रेट करायची स्टँडर्ड पूड) तिथे आहे का विचारा, नसेल तर न्या, पहिली रिंग 5.838 नॅनोमीटर अंतराची, असं स्टँडर्ड नसेल तर q नीट कॅलिब्रेट होणार नाही. बीमस्टॉप (थेट बीम अडवणारा तुकडा) कुठे आहे, डार्क फ्रेम (बीम बंद असतानाचं चित्र), फाईलची नावं, सगळं वहीत. निघताना डेटा दोन ठिकाणी कॉपी करा आणि एक फाईल तिथेच उघडून बघा.