लेखकाची नोंदवही: आंतरजालावरील उपयुक्त साधने कशी निवडावीत आणि कशी जपावीत

नाशिकमध्ये राहून 1909 सालच्या नाशिकवर कादंबरी लिहिणाऱ्याला एकेका प्रकरणासाठी कितीतरी गोष्टी पडताळून पाहाव्या लागतात. विजयानंद नाट्यगृहात 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, ही घटना तारखेसह सहज सापडते. परंतु त्या रात्री नाटकाला आलेली माणसे कोणत्या शब्दांत बोलत असतील, त्यांच्या गावाची वस्ती कशी होती, बाजारात काय विकले जात होते, याची उत्तरे एका शोधात हाती लागत नाहीत. ती देणारी साधने आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत, मात्र ती विखुरलेली आहेत. आणि बहुतेक लेखकांपर्यंत ती पोहोचतात ती व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेल्या दुव्यांच्या रूपाने, जे चार दिवसांत इतर निरोपांखाली गाडले जातात. अशा साधनांची पारखून घेतलेली एक नोंदवही स्वतःसाठी, आणि जमल्यास आपल्या लिहित्या मित्रांसाठी, कशी तयार करावी, हे येथे मांडले आहे.

आरंभ दुव्यांपासून करू नये, प्रश्नांपासून करावा. आपले अलीकडचे एखादे हस्तलिखित समोर घ्यावे आणि लिहिताना हात जिथे जिथे अडला त्या जागा उतरवून काढाव्यात: शब्दाचा नेमका अर्थ, ऱ्हस्व-दीर्घाची शंका, एखाद्या काळाची किंवा गावाची माहिती, दुसऱ्याच्या ओळी उद्धृत करण्याची मुभा, मजकूर पाठवण्याची रीत. नोंदवहीचे विभाग या अडचणींच्या नावाने करावेत. संकेतस्थळांच्या नावाने केलेली यादी दिसायला भरगच्च असते, पण रात्री लिहिताना नेमके काय उघडावे हे ती सांगत नाही.

नोंदवहीसाठी गुगल शीट पुरेसे आहे. प्रत्येक साधनापुढे त्याचे नाव व पत्ता, ते कोणत्या प्रश्नासाठी उपयोगी आहे, ते कोण चालवते, त्याची मर्यादा काय आणि ते शेवटचे कधी उघडून पाहिले, एवढे लिहावे. यांत मर्यादेचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, आणि तोच बहुतेक याद्यांत नसतो. जे साधन आपण स्वतः एखाद्या खऱ्या अडचणीसाठी वापरलेले नाही, त्याची मर्यादा आपल्याला लिहिताच येणार नाही. म्हणून न वापरलेले साधन नोंदवहीत घेऊ नये, हा नियम कठोरपणे पाळावा.

शब्दांच्या विभागात पहिली जागा शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीला द्यावी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा 1932 पासून खंडशः प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश, असे दोन्ही कोश तेथे शोधता येतात. ऐतिहासिक लेखन करणाऱ्याला मोल्सवर्थ एक वेगळा आधार देतो: एखादा शब्द त्यात त्या अर्थाने असेल, तर तो 1909 च्या पात्राच्या तोंडी घालण्यास हरकत नाही. शब्द त्यात नसेल, तर मात्र तो तेव्हा नव्हताच असे म्हणता येत नाही, कारण कोणताही कोश बोलीतील सगळे शब्द टिपू शकत नाही. हे दोन्ही निष्कर्ष मर्यादेच्या रकान्यात स्पष्ट लिहून ठेवावेत.

याच कोशांबाबत आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ते जुन्या लेखनपद्धतीत आहेत. त्यामुळे ‘काही’ किंवा ‘गाव’ असे आजच्या रीतीने टंकून शब्द सापडला नाही, की पुष्कळजण कोश बंद करतात. ‘कांहीं’, ‘गांव’ असे अनुस्वारासह शोधून पाहावे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र टंकण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. डोळ्यांना ते अक्षर सारखेच दिसते, पण संगणक त्यांना वेगवेगळे समजतो, आणि शोध रिकामा परत येतो. एका रीतीने न मिळाल्यास दुसऱ्या रीतीने शोधावे. साधनाच्या पत्त्यापेक्षा अशी टीप लेखकाचा अधिक वेळ वाचवते, हे मला ठामपणे सांगावेसे वाटते.

शास्त्रीय आणि प्रशासकीय संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आंतरजालावर आहेत. त्यांतील प्रतिशब्द लेखात किंवा पाठ्यपुस्तकात शोभतात; कथेतल्या संवादात ते सहसा कृत्रिम वाटतात, एवढी सूचना त्यापुढे असावी. लेखनाच्या नियमांसाठी मूळ नियमच जवळ ठेवावेत: मराठी साहित्य महामंडळाचे, शासनाने 1962 साली स्वीकारलेले 14 नियम आणि 1972 साली त्यांत पडलेली 4 नियमांची भर. नियमांवरची भाष्ये आणि चित्रफिती अनेक आहेत, त्या मुळानंतर पाहाव्यात.

माहितीसाठी मराठी विश्वकोश अर्थातच हवा. त्याचे खंड अक्षरक्रमाने आणि दीर्घ काळात प्रसिद्ध होत गेले, पहिले खंड 1970 च्या दशकातले आहेत. त्यामुळे वर्णमालेच्या आरंभीच्या अक्षरांवरील नोंदींतील लोकसंख्या, उत्पादन, विज्ञानातील प्रगती यांसारखे तपशील जुने असण्याचा संभव अधिक. अशा विषयांसाठी विश्वकोश मंडळाच्या ज्ञानमंडळांच्या (विषयवार तज्ज्ञगटांच्या) नव्या नोंदी शेजारीच जोडून ठेवाव्यात. मराठी विकिपीडियाचा उपयोग लेखाखालच्या संदर्भांपर्यंत पोहोचण्यासाठी करावा. ज्या विधानाला तेथे संदर्भ नाही, ते आपल्या लेखनात आधार म्हणून घेऊ नये. चॅटबॉटने दिलेल्या उत्तराबाबतही हाच निकष लावावा.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरील सोळावा खंड 1883 साली प्रसिद्ध झाला आणि तो इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य डिजिटल ग्रंथसंग्रहावर वाचता येतो. पिके, व्यापार, रस्ते, देवळे, घाट यांचे त्यातील वर्णन कादंबरीकाराला फार उपयोगी आहे. तथापि तो इंग्रज प्रशासनाने आपल्या गरजेसाठी तयार केलेला ग्रंथ आहे, आणि जातीजमातींच्या स्वभावाविषयीची त्यातील विधाने जशीच्या तशी उचलणे हा त्या माणसांवर अन्याय ठरतो. शिवाय 1883 आणि 1909 यांच्यामध्ये 26 वर्षे आहेत. त्या अवधीत काय बदलले याचा शोध वेगळा घ्यावा लागेल. जुन्या ग्रंथांच्या पानांची छायाचित्रे शोधण्याजोग्या मजकुरात बदलायची असतील, तर ती गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडावीत. मराठी अक्षरे बऱ्यापैकी ओळखली जातात, पण जोडाक्षरे आणि अनुस्वार मूळ पानाशी ताडून घ्यावे लागतात. एखादे पान गहाळ किंवा धूसर असेल तर नाशिककरांना 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन तो ग्रंथ तेथे आहे का, हे विचारता येते. तशी नोंद, आंतरजालाबाहेरची असली, तरी नोंदवहीत अवश्य करावी.

कोशांत न सापडणाऱ्या शब्दांसाठी स्वतंत्र पान ठेवावे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेवर कथा लिहिताना एप्रिलच्या सुमाराची, नव्या फुटीसाठीची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी, फळांसाठीची गोडी छाटणी यांतला फरक कळलाच पाहिजे. बागेत ‘थिनिंग’ (घडातले मणी विरळ करणे) आणि ‘डिपिंग’ (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) हेच शब्द रूढ आहेत, आणि शेतकऱ्याच्या तोंडी त्यांचे पुस्तकी प्रतिशब्द घालणे खोटे वाटते. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा, कांदा साठवण्याची चाळ, या गोष्टीही तशाच. कृषी संशोधन संस्थांच्या माहितीपत्रकांतून कामांचा क्रम आणि महिने कळतात. शब्द मात्र बागेत जाऊनच ऐकावे लागतात. ऐकलेल्या शब्दापुढे गाव आणि संदर्भ लिहावा, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय लिहू नये.

हक्कांचा विभाग छोटा, पण निःसंदिग्ध असावा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (1957) लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो. भगूरचे वि. दा. सावरकर 1966 साली गेले, त्यामुळे त्यांचे असे लेखन 1 जानेवारी 2027 पासून मुक्त होते. कुसुमाग्रज 1999 साली गेले, त्यांच्या कवितांसाठी ही तारीख 1 जानेवारी 2060 आहे. नाशिकच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर त्यांच्या ओळी दिसतात म्हणून त्या पुस्तकात कितीही छापता येतात असे नाही. समीक्षेसाठी अवतरण देणे वेगळे, आणि अख्खी कविता घेणे वेगळे. मुक्त झालेल्या ग्रंथाची नवी प्रस्तावना, टीपा किंवा अनुवाद यांवर स्वतंत्र हक्क असतो, हेही लिहून ठेवावे. ज्या दुव्यावर हयात लेखकांची पुस्तके परवानगीवाचून पीडीएफ स्वरूपात वाटली जातात, तो कितीही सोयीचा असला तरी नोंदवहीत येता कामा नये. विनामूल्य आणि रीतसर वाचन हवे असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपल्या संकेतस्थळावर स्वतःची अनेक प्रकाशने खुली ठेवली आहेत.

दिवाळी अंक, स्पर्धा आणि प्रातिनिधिक संग्रह यांच्या आवाहनांसाठी वेगळी शीट करावी, कारण त्यांची मुदत संपते. येथे निवड कडक हवी. सहभाग शुल्क किती, त्याबदल्यात काय मिळणार, परीक्षक कोण, आणि मजकुरावरील हक्क कोणाकडे राहणार, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या आवाहनात नाहीत, ते बाजूला ठेवावे. पैसे घेऊन सर्वांनाच सन्मानपत्र देणाऱ्या उपक्रमांत नवोदितांची उमेद आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात, आणि हे मला मनापासून खटकते.

नोंदवही वर्षातून दोनदा तरी पूर्ण उघडून पाहावी. शासकीय संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, जुने दुवे मृत होतात. म्हणून महत्त्वाचे पान नोंदवतानाच इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत जतन करून तो पत्ताही शेजारी लिहावा. संपादनाचा अधिकार दोघांपेक्षा जास्त जणांना देऊ नये, बाकीच्यांनी सूचना कराव्यात. वगळलेले साधन पुसून न टाकता ‘बंद’ नावाच्या शीटवर, वगळण्याचे कारण लिहून हलवावे, म्हणजे काही महिन्यांनी तोच दुवा कोणीतरी नव्याने पाठवला, तर तो पुन्हा तपासत बसावे लागणार नाही.