टेस्ट कधी लाल कधी हिरवी होत असेल तर आधी मशीन बघा (नवीन पोरापोरींसाठी)

मी बेळगावातच, टिळकवाडीतल्या एका छोट्या टीममध्ये काम करतो. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांसाठी मापं घ्यायचं सॉफ्टवेअर लिहितो, सी प्लस प्लसमध्ये. कास्टिंगवरचे पॉइंट येतात, त्यावर वर्तुळ नाहीतर सिलिंडर बसवायचा आणि भोक किती चुकलंय ते सांगायचं, एवढंच काम. व्हीटीयूचं (आपली इंजिनियरिंगची युनिव्हर्सिटी) कंप्युटर ऑर्गनायझेशन तुम्ही निदान पास होण्यापुरतं वाचलंय असं धरून चालतो, त्यामुळं फ्लोटिंग पॉइंट म्हणजे काय ते सांगत बसत नाही.

जॉइन झाल्यावर मला जे पहिलं खरं काम मिळालं ते म्हणजे एक टेस्ट जी क्लाउडवरच्या रनरवर (टेस्ट आपोआप चालवणारं मशीन) कधी पास व्हायची कधी फेल, आणि माझ्या लॅपटॉपवर कायम पास. शेजारच्या टेबलावरचा गोकाकचा दोस्त रोज सकाळी विचारायचा "एन आयतु?" (काय झालं?) आणि मी म्हणायचो "इन्नू इल्ला" (अजून नाही). बरेच दिवस हेच चाललं. सीनियर म्हणाले रेस कंडिशन असेल, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन थ्रेड एकमेकांच्या डेटात हात घालत असतील. आता रेस कंडिशन हा शब्द आपल्याकडं "व्हायरल फीवर"सारखा वापरतात, कारण कळलं नाही की हेच नाव. त्या टेस्टमध्ये दुसरा थ्रेडच नव्हता, पण सांगणारा सीनियर आणि मी नवीन, मग बसलो म्यूटेक्स (थ्रेडना एकेक करून आत सोडणारं कुलूप) शोधत.

इथंच सगळे अडकतात म्हणून जरा जास्तच सांगतो. "कधी कधी फेल होते" म्हटलं की डोक्यात आपोआप येतंय की कोडमध्ये काहीतरी रँडम आहे. पण बऱ्याच वेळा रँडम कोड नसतो, रँडम असतंय ते तुम्हाला मिळालेलं मशीन. क्लाउडवाला प्रत्येक रनला तोच प्रोसेसर देईल असं कुठंही लिहिलेलं नसतंय, आज इंटेल मिळेल उद्या एएमडी, एकाला एव्हीएक्स-५१२ (एका दमात बरेच आकडे हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शन) असेल दुसऱ्याला नसेल. रीरन दाबलं की नवीन मशीन मिळतंय, टेस्ट हिरवी होते, आणि आपण म्हणतो फ्लेकी (लहरी) आहे सोडा. म्हणून माझं स्पष्ट मत, फेल झाली की तीनदा रीट्राय करायची सेटिंग ज्या प्रोजेक्टमध्ये आहे तिथं कुणीतरी बग गादीखाली सारलाय.

तर पहिली गोष्ट, टेस्ट सुरू व्हायच्या आधी लॉगमध्ये एलएससीपीयू या लिनक्स कमांडचं पूर्ण आउटपुट छापा, प्रोसेसरचं मॉडेल आणि त्याला काय काय येतंय ते सांगणारी फ्लॅग्सची ती लांबलचक ओळ, सोबत कंपायलरचं व्हर्जन आणि कंपाइल करताना खरोखर वापरलेले फ्लॅग. "खरोखर" म्हणतोय कारण सीमेक या बिल्ड टूलच्या फाईलमध्ये दिसतात ते आणि कंपायलरला पोचतात ते यात फरक असतोय, व्हर्बोज बिल्ड (प्रत्येक कमांड छापणारी) करून बघा. मग जुने लाल आणि हिरवे रन प्रोसेसरच्या नावाप्रमाणं वेगळे करा. आमच्याकडं हे केल्यावर चित्र लगेच दिसलं, पण अर्धंच, कारण एकाच मॉडेलवर सुद्धा कधी लाल कधी हिरवं येत होतं. तिथं माझी हिंमत गेलेली खरं सांगायचं तर.

अर्धंच का, तर कोणीतरी कधीतरी स्पीडसाठी मार्च=नेटिव्ह हा कंपायलरचा फ्लॅग टाकलेला होता. याचा अर्थ ज्या मशीनवर कंपाइल होतंय त्या प्रोसेसरला जे जे येतंय ते सगळं वापर. आणि वरून बिल्डची कॅश होती. म्हणजे ऑब्जेक्ट फाईल बनली एका प्रोसेसरवर, कॅशमध्ये गेली, आणि दुसऱ्या रनला दुसऱ्याच प्रोसेसरवर चालली. नशीब वाईट असेल तर इलिगल इन्स्ट्रक्शन येऊन एक्झिट कोड १३२ मिळतो (१२८ अधिक सिग्नल ४). खरं तर हे नशीब चांगलं, निदान ओरडतंय तरी. वाईट म्हणजे चालतंय, आणि उत्तर किंचित वेगळं येतंय.

किंचित वेगळं कसं येतंय ते बघा. क गुणिले ख अधिक ग हे साध्या पद्धतीनं केलं तर दोनदा राउंडिंग होतंय, गुणाकारानंतर एकदा आणि बेरजेनंतर एकदा. एफएमए नावाची इन्स्ट्रक्शन हे एका दमात करते आणि राउंडिंग एकदाच. इंटेलमध्ये ती २०१३ च्या हॅसवेलपासून आली, आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या स्टँडर्डमध्ये २००८ च्या आवृत्तीत आली. एकदाच राउंडिंग म्हणजे जास्त अचूक, बरोबर आहे, पण जास्त अचूक म्हणजे तेच उत्तर नव्हे. आणि जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमायझेशन चालू असताना, प्रोसेसरला एफएमए येतंय असं त्याला सांगितलं असेल तर, तुम्हाला न विचारता गुणाकार-बेरीज जोडून एफएमए करतो, फास्ट-मॅथ (स्पीडसाठी गणिताचे नियम सैल करणारा फ्लॅग) दिलेलं नसलं तरी! मला वाटायचं की फास्ट-मॅथ नाही म्हणजे आपण सेफ. फास्ट-मॅथ वेगळंच प्रकरण आहे, त्यात तर नॅन ("हा आकडाच नाही" असं उत्तर) आहे का विचारणारी ओळसुद्धा कंपायलर उडवू शकतो, त्याला हातच लावू नका.

आमचं सूत्र होतं वर्गमूळ, आत क्ष चा वर्ग वजा य चा वर्ग. दोन्ही ०.१ घ्या. साध्या पद्धतीनं आत शून्य, वर्गमूळ शून्य, विषय संपला. एफएमएनं एक वर्ग राउंड झालेला असतोय आणि दुसरा न होता तसाच, त्यामुळं वजाबाकी शून्य न येता साधारण ८.३ गुणिले १० चा उणे १९ वा घात एवढी येते. आणि चिन्ह? कंपायलरनं कुठला गुणाकार राउंड न करता ठेवला त्यावर, म्हणजे अधिक पण येईल उणे पण. उणे आलं की वर्गमूळ नॅन, आणि तो नॅन पुढं सगळ्या बेरजांमध्ये पसरत जातो. करून बघायचं असेल तर ०.१ थेट कोडमध्ये लिहू नका, कंपायलर स्वतःच गणित करून शून्य ठेवून देईल, फाईलमधून वाचा.

आता या गोंधळातून बाहेर पडायचा रस्ता, आणि हे मला कुठल्या कोर्समध्ये नाही मिळालं, दुसऱ्या टीममधल्या एका मॅडमनी चहा पिता पिता कागदावर काढून दिलं. (मेंटॉर असाच असावा, उत्तर न सांगता "बिल्ड कुठं झालं आणि चाललं कुठं?" एवढंच विचारणारा. रेडीमेड फिक्स पाठवणाऱ्यापासून लांब राहा.) दोन मशीन घ्या. पहिल्यावर बनवलेली बायनरी दोन्हीकडं चालवा, दुसऱ्यावर बनवलेली पण दोन्हीकडं चालवा, कॅश पूर्ण बंद करून. बिघाड जर बिल्ड करणाऱ्या मशीनच्या मागं मागं जात असेल तर फ्लॅगचा दोष. चालवणाऱ्या मशीनच्या मागं जात असेल तर रनटाइमला कोणीतरी प्रोसेसर बघून रस्ता बदलतंय. दोन्हीकडं जात नसेल, तेव्हा कुठं इनिशियलाइज न केलेली मेमरी किंवा ते रेस कंडिशन शोधायला जा.

दुसरा प्रकार लोकांना माहीतच नसतोय. ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) एक्सपोनेन्शियल, साइन वगैरेचं एफएमएवालं व्हर्जन चालताना निवडते, म्हणजे बायनरी तीच, फ्लॅग तेच, तरी शेवटचा बिट वेगळा येऊ शकतो. तिच्यात ट्यूनेबल्सचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, त्यातून एफएमए आणि एव्हीएक्स-२ बंद करून चालवून बघता येतंय. ओपनब्लास ही मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररीसुद्धा असंच करते, तिथं कोअरटाइप सक्तीनं ठरवता येतो. आणि थ्रेड किती त्यावर बेरजेचा क्रम बदलतो, कोअर कमी-जास्त झाले की आकडा हलला.

फ्लॅगचा संशय असेल तर एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ (ही जोडाजोडी बंद करणारा फ्लॅग) देऊन बिल्ड करा आणि ऑब्जडंपमध्ये (बायनरीची असेंब्ली दाखवणारं टूल) व्हीएफएम आणि व्हीएफएनएमनं सुरू होणाऱ्या इन्स्ट्रक्शन गायब झाल्या का बघा. असेंब्ली वाचता येत नाही म्हणून घाबरू नका, मलाही येत नव्हती, ग्रेपनं शब्द शोधता येतंय ना, बास.

दुरुस्ती करताना टॉलरन्स वाढवून मोकळं होऊ नका. नॅनला टॉलरन्सचा काही उपयोग नाही, आणि बाकी ठिकाणी १० चा उणे १२ वरून उणे ३ करणारा माणूस भोकाचं माप चुकलेलं पण पास करणार, तिकडं शॉपमध्ये अख्खा लॉट रिजेक्ट होतोय. आम्ही सूत्र बदललं, (क्ष वजा य) गुणिले (क्ष अधिक य), दोन्ही सारखे असले की शून्यच येणार, कुठलाही प्रोसेसर असू दे. आणि मार्च=नेटिव्ह काढून एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरची ठरलेली किमान पातळी ठरवली. व्ही३ का नाही, तर त्याला एव्हीएक्स-२ आणि एफएमए लागतंय, आणि गिऱ्हाइकाच्या शॉप फ्लोअरवरचा पीसी काय असतोय ते एकदा उद्यमबागेत जाऊन बघा. पेंटियम, सेलेरॉन नावाच्या कितीतरी चिप्स हॅसवेलनंतर आल्या तरी त्यात एव्हीएक्स नाही. नवीन म्हणजे जास्त असंही नसतंय, इंटेलच्या रॉकेट लेकमध्ये एव्हीएक्स-५१२ होतं, त्याच वर्षी २०२१ ला आलेल्या अल्डर लेकमध्ये अधिकृतपणे नाही.

स्पीड किती गेला विचाराल, आमच्या कामात जाणवण्याइतका नाही. तुमच्यात जाणवला तर तेवढं एकच फंक्शन वेगळं कंपाइल करून रनटाइमला निवडा, अख्ख्या प्रोजेक्टला नेटिव्ह देऊ नका.

आता टीममध्ये दोघांनी एआरएमचे लॅपटॉप घेतलेत, आणि ६४ बिट एआरएमवर एफएमए मुळातच असतंय, त्यामुळं काही फ्लॅग न देताही जीसीसी जोडाजोडी करतो. वर लिनक्सवर तिथं नुसता कॅर (एका अक्षराचा टाइप) अनसाइन्ड असतोय म्हणजे उणे होतच नाही, एक्स८६ वर (इंटेल-एएमडीवाले) साइन्ड, त्यामुळं उणे एकशी तुलना करणारा आमचा जुना फाईल रीडर त्यावर अडकलाय. ते तिकीट माझ्याच नावावर आहे, साइन्ड-कॅरचा फ्लॅग देऊन दाबायचं नाही, तुलनाच बदलायची असं ठरवलंय.