कमी पैशात परदेशात राहायला जायचंय? मग तिकीट सगळ्यात शेवटी बघा

परदेशात जायचं पक्कं झालं की बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात, तर तिकिटं बघत बसतात. मीपण तेच केलं होतं. रात्री दीड-दोनपर्यंत जागून, वेगवेगळ्या साइट्स उघडून तिकिटात थोडेफार पैसे वाचवले आणि तिथे उतरल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत त्याच्या कितीतरी पट घालवून बसले, कारण हिशोब जायचा केला होता, राहायचा केलाच नव्हता. तिकिटाचा आकडा निदान आधी कळतो तरी. खरी ओढाताण होते ती उतरल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंतच्या दिवसांत. म्हणून सुरुवात त्या दिवसांपासून करायची आणि उलटं मागे मागे येत तयारी करायची.

१. आधी दिवस मोजा

एक कागद घ्या, उतरण्याची तारीख लिहा आणि खाली पहिला पगार खात्यात येईल ती तारीख लिहा. ही दुसरी तारीख अंदाजाने लिहू नका, ऑफिसला विचारून घ्या. समजा तुम्ही १२ तारखेला कामावर रुजू झालात आणि त्या कंपनीत पगाराची यादी १० तारखेला बंद होते, तर तुमचं नाव थेट पुढच्या महिन्याच्या यादीत जाणार आणि पगार त्या महिनाअखेरीला, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस झाले. त्यात बँक खातं उघडायला पत्ता लागतो, घर भाड्याने घ्यायला बँक खातं आणि पगाराची स्लिप लागते, हे चक्र बऱ्याच ठिकाणी आहे आणि त्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात.

एचआरला एक ईमेल टाका आणि सरळ विचारा: पहिला पगार कोणत्या तारखेला, ॲडव्हान्स मिळतो का, खातं उघडेपर्यंत पगार कसा देता, आणि शिफ्टिंगचा भत्ता असेल तर तो आधी देता की बिलं घेऊन नंतर? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. ऑफर लेटरमध्ये भत्ता लिहिलेला बघून आपण खूश होतो आणि नंतर कळतं की तिकीट, हॉटेल सगळं आधी आपल्या खिशातून करायचंय आणि बिलं दिल्यावर दोन महिन्यांनी पैसे येणार. विचारायला लाज वाटून घेऊ नका, त्यांना रोज कोणी ना कोणी हेच विचारतं. शिकायला जाणार असाल तर पगाराच्या जागी स्टायपेंडची तारीख लिहा, आणि स्टायपेंड नसेल तर पहिल्या सहामाहीचा फीसकट सगळा खर्च हातातल्या पैशांत भागतो का ते बघा.

मग त्या पन्नास दिवसांसमोर खर्च मांडा. तात्पुरती राहायची सोय, घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं (ही दोन्ही बऱ्याचदा एकाच दिवशी द्यावी लागतात हे लक्षात ठेवा), प्रवासाचा पास, सिम, रेसिडेन्स परमिटची फी, थंडीचे कपडे लागणार असतील तर ते, जेवण. डिपॉझिट किती घेता येतं यावर काही देशांत कायद्याने मर्यादा आहे, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये साधारण घरांसाठी जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं आणि जर्मनीत तीन महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग-पाण्याचे पैसे सोडून). तुमच्या देशाचा नियम शोधून ठेवा, म्हणजे कोणी जास्त मागितलं तर कळेल तरी. जो आकडा येईल त्यात अजून एक महिन्याचा खर्च मिळवा. आता हे पैसे नसतील तर? तर जायची तारीख पुढे ढकलता येते का बघा, मी खरंच सांगतेय. दोन महिने उशिरा गेलेलं परवडतं, पण तिथे जाऊन क्रेडिट कार्डावर जगायला लागलात तर ते व्याज वर्षभर पुरतं.

२. कागदपत्रं घरूनच पूर्ण करून निघा

जे काम निघायच्या आधी एका चकरेत होतं, तेच तिकडे बसून करायचं म्हटलं की कुरिअर, मुखत्यारपत्र आणि नातेवाइकांच्या विनवण्या. त्यामुळे डिग्री, मार्कशीट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला यांपैकी काय काय लागणार त्याची यादी तिकडच्या ऑफिसकडून लेखी मागवा. हेगच्या १९६१ च्या करारात असलेल्या देशांमध्ये एकमेकांचे सरकारी कागद सहसा अपोस्टिलच्या, म्हणजे कागद खरा असल्याच्या आपल्याच सरकारच्या एका शिक्क्यावर चालतात, वेगळं दूतावासाचं अटेस्टेशन लागत नाही. काही देशांनी एकमेकांबाबत हरकत घेतलेली आहे, तिथे मात्र हे लागू होत नाही, म्हणून तुमच्या दोन देशांचं नक्की बघा. यात आता शंभराहून जास्त देश आहेत, चीन २०२३ मध्ये आला आणि कॅनडा २०२४ मध्ये, त्यामुळे कोणी जुन्या अनुभवावरून 'तिकडे दूतावासाचाच शिक्का लागतो' असं सांगत असेल तर एकदा तपासून घ्या, उगाच जास्तीचे पैसे जातील.

भाषांतराच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलेय. मी निघायच्या आधी सगळ्या कागदांचं भाषांतर करून घेतलं, पैसे भरले, फाइल छान लावली. तिकडच्या खिडकीवरच्या बाईंनी पहिलं पान उलटलं आणि भाषांतरकाराचा शिक्का बघून फाइल परत दिली, कारण तिथे त्यांच्याच देशातला शपथबद्ध भाषांतरकार लागत होता. वर भाषांतर आधी आणि अपोस्टिल नंतर केलेलं, म्हणजे अपोस्टिलवरचा मजकूर भाषांतरात नव्हता. सगळं परत. तेव्हा दोन गोष्टी विचारा, भाषांतर कुणाचं चालेल आणि आधी काय करायचं, शिक्का की भाषांतर. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र फार आधी काढू नका, जुना दाखला बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

पासपोर्ट सहा महिन्यांहून जास्त चालणारा हवा, तेवढ्यावर थांबू नका, संपत आला असेल तर व्हिसाला टाकायच्या आधीच नवा करून घ्या. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट निघायच्या आधी काढा, कारण ज्या देशाचं लायसन्स आहे तिथेच ते मिळतं.

आणि दात! दात दाखवून घ्या. बऱ्याच देशांत साध्या आरोग्य विम्यात दातांचं काम येत नाही किंवा नावापुरतं येतं, आणि किडलेली दाढ नेमकी दुसऱ्या महिन्यात ठणकायला लागते. चष्म्याचा नंबर लिहून घ्या, एक जास्तीचा चष्मा करून घ्या. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड तिकडे कोणाला कळत नाहीत. आणि ते औषध तिकडे न्यायला परवानगी आहे का तेही बघा, सर्दीच्या काही साध्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन जपानमध्ये ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर आणताच येत नाही.

३. कोणाला पैसे द्यायचे नाहीत

नोकरी लावून देतो म्हणून तुमच्याकडून पैसे मागणारा एजंट दिसला की सावध व्हा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करार, क्रमांक १८१, हेच सांगतो की खासगी रोजगार एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही आणि त्यात अपवादही आहेत, पण चांगल्या कंपन्या एजन्सीला स्वतः पैसे देतात. व्हिसाची फीसुद्धा सरकारी साइटवर बघा, तशाच दिसणाऱ्या मधल्या साइट्स जास्तीचे पैसे लावतात.

घराचंही तसंच. फोटोत सुंदर घर, भाडं आजूबाजूपेक्षा कमी, मालक नेमका परगावी, चावी पोस्टाने पाठवतो म्हणतो, फक्त आधी डिपॉझिट टाका. नका टाकू. घर स्वतः जाऊन किंवा ओळखीच्या कोणाला पाठवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत, मग ते हातचं गेलं तरी जाऊ दे.

४. सामान: नेण्यापेक्षा विकणंच जास्त

निघायच्या दोन महिने आधी विकायला सुरुवात करा. शेवटच्या आठवड्यात विकायला काढलं की समोरच्याला तुमची तारीख कळते आणि तो बरोबर निम्म्यावर अडून बसतो. फ्रिज, वॉशिंग मशीन शेवटपर्यंत लागतात, मग त्यांचे पैसे आधी घेऊन ताबा निघायच्या आदल्या दिवशी द्यायचा असं ठरवा, हे लोक आनंदाने मान्य करतात.

कुरिअरने पाठवू म्हणाल तर आधी हा हिशोब करा. कुरिअरवाले वजन दोन पद्धतीने धरतात, काट्यावरचं आणि जागेचं, आणि जे जास्त ते लावतात. जागेचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले साधारण ५०००. माझ्या मैत्रिणीने रजई आणि दोन उशा ६० बाय ५० बाय ४० च्या खोक्यात भरल्या, काट्यावर नऊ किलो. हिशोबाने झाले चोवीस. ती खोकं उघडून तिथेच काउंटरवर बसली आणि उशा बहिणीच्या हातात देऊन घरी पाठवल्या. जहाजाने पाठवणं स्वस्त दिसतं, पण तिकडच्या बंदरावर सोडवून घ्यायचे वेगळे पैसे लागतात, ते कोटेशनमध्ये आहेत का हे विचाराच.

विजेच्या वस्तू नेताना चार्जरच्या मागचं बारीक अक्षर वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिनेचा अडॅप्टर पुरतो, लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर बहुतेक असेच असतात. इस्त्री, हेअर ड्रायर, मिक्सर हे बहुतेक एकाच व्होल्टेजचे असतात, आणि जपानमध्ये १०० तर अमेरिकेत १२० व्होल्ट आहे, त्यामुळे २३० ची वस्तू तिकडे नेऊन उपयोग नाही. पॉवर बँक हँडबॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची सहसा वेगळी परवानगी न घेता नेता येते, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

काय न्यायचं? तिकडे पहिल्या आठवड्यात विकत घ्यावं लागेल आणि महाग पडेल असं. एक चादर, एक टॉवेल, एक छोटं पातेलं, चांगले बूट. बाकी भांडीकुंडी आणि फर्निचर महिनाअखेरीला घरं बदलणारी माणसं फुकटात किंवा नाममात्र किमतीत देऊन टाकतात.

५. पैसे कसे न्यायचे

सगळे पैसे एका कार्डावर ठेवू नका, दोन कार्डं वेगवेगळ्या पिशवीत. तिकडे कार्ड घासलं की मशीनच्या स्क्रीनवर दोन आकडे येतात, एक तुमच्या मायदेशीच्या चलनात आणि एक तिथल्या. आपल्याला आपलं चलन ओळखीचं वाटतं म्हणून बोट तिकडे जातं, मी तीन दिवस तेच दाबत होते. त्यात दर मशीनवाल्याचा असतो आणि तो जवळजवळ नेहमी वाईट असतो. तिथलंच चलन दाबायचं, एटीएमवरपण.

बँकेतून मोठी रक्कम पाठवताना चार्जेस कोणी भरायचे ते निवडता येतं. वाटून घ्यायचा पर्याय घेतला तर मधल्या बँका थोडे थोडे कापतात, आणि घरमालकाला डिपॉझिट दहा-वीस कमी पोचतं, की तो म्हणतो पूर्ण आलं नाही, चावी नाही. अशा वेळी सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'अवर' (OUR) हा पर्याय घ्या.

जुना मोबाइल नंबर बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि नंबर गेला की स्वतःचेच पैसे स्वतःला काढता येत नाहीत. सगळ्यात स्वस्त प्लॅनवर टाका, रोमिंग चालू करा आणि मोबाइल डेटा बंद करूनच विमानात बसा.

६. आता तिकीट

व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका. दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्त पडत असेल तर नीट विचार करा, मधल्या विमानतळावर सहसा सामान बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलं ते गेलं. बॅगेचे पैसे मिळवून मगच दोन तिकिटांची तुलना करा.

आणि सोमवारी किंवा मंगळवारी पोचा. शुक्रवारी संध्याकाळी उतरलात तर बऱ्याच देशांत शनिवार-रविवार सगळी ऑफिसं बंद, म्हणजे काही काम न होता दोन रात्रींचं भाडं भरायचं. तात्पुरती जागा दहा-बारा दिवसांची घ्या, वाढवता येईल अशी, आणि तो पत्ता तिथल्या सरकारी ऑफिसातल्या पत्त्याच्या नोंदणीला (रजिस्ट्रेशनला) चालतो का हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या, नाहीतर बँकेचं काम पुढच्या घरापर्यंत अडकतं. कंपनीचा विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी छोटा प्रवास विमा घ्या.

निघताना हँडबॅगेत एक पातळ फाइल ठेवा: मूळ कागद, ऑफर लेटर, थोडी तिथली रोकड, आणि राहायच्या जागेचा पत्ता तिथल्या लिपीत छापलेला. विमानतळाचं वायफाय चालेलच असं नाही, आणि टॅक्सीवाल्याला आपले उच्चार कळत नाहीत, तेव्हा तो कागद नुसता पुढे करायचा.